डब्यातली मोहरी, ताटातला वाटा

कळव्याजवळ लोकलच्या खिडकीतून रुळांलगतची हिरवीगार भाजी दिसली, की शेजारची बाई हमखास म्हणते, "गटाराच्या पाण्यावरची आहे, घेऊ नका." रेल्वेची मोकळी जमीन 'अधिक धान्य पिकवा' योजनेत कर्मचाऱ्यांना भाजीपाल्यासाठी दिली जाई. तिथे चांगले पाणी कुठून येणार, हे कुणी पाहिले नाही. आणि दोष शेवटी कुणाला? स्वस्त जुडी घेणाऱ्या बाईला.

म्हणून गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आमच्या गटातल्या बाराजणींनी भाजी घरीच लावायची ठरवली. परसबाग हा शब्द परस असलेल्यांचा. पारसिकच्या उतारावरच्या वस्तीत दारापुढची दोन हात जागा हेच परस. तेलाचे डबे आणि मासळीबाजारातली थर्माकोलची खोकी जमवली. रंगाचे जुने डबे मात्र नाकारले. जुन्या रंगात शिसे असू शकते आणि मोहरी ते मातीतून ओढून घेते. मसाल्याच्या डब्यातलीच मोहरी पेरली, जोडीला मुळ्याचे बी. दोन्हींचा पाला महिन्याभरात खुडायला आला. बाहेरची पाने काढून मधला कोंब राखला, की मोहरी पुन्हा फुटते. मावा पडला तेव्हा साबणाचे पातळ पाणी मारले. पालकातले कॅल्शियम ऑक्झॅलेटमुळे अंगी फारसे लागत नाही, मोहरीच्या पाल्यातले चांगले लागते. मुगाची डाळ घालून केलेल्या भाजीवर लिंबू पिळायचे, म्हणजे लोहही जास्त मिळते. हे सगळे मी बैठकीत उत्साहाने सांगितले होते.

मग एका बैठकीत सहज विचारले, "काल भाजी कोणी खाल्ली?" आधी सगळ्या हसल्या. "पुरलीच नाही, ताई." "ह्यांना आवडते." "पोरांच्या डब्यात दिली." एकीने कढई भाकरीने पुसून घेतली होती, तेवढीच तिची भाजी. आणि त्या डब्यांसाठी पहाटे नळावरून एक हंडा जास्तीचा चढवला होता तोही बायकांनीच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के. समाजकार्याची पदवी घेतलेल्या मला हे आकडे पाठ होते. तरी 'घरी भाजी लावा' म्हणताना मी बायांचे काम वाढवले आणि ताटाबद्दल एक शब्द काढला नाही.

आपल्यातल्या काहीजणींना हा विषय गृहविज्ञानाचा वाटतो, चळवळीचा नाही. मला ते पटत नाही. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. शहरातल्या बाईच्या नावावर उन्हाचा एक तुकडाही नसतो. तेव्हा महापालिकेकडे भाजीसाठी मोकळी जागा आणि पाणी मागायला हवे. घरात मागायचे ते वेगळेच: पाणी घालायची पाळी पुरुषांचीही, आणि वाढताना बाईचे ताट सगळ्यांबरोबर.

यंदाच्या पेरणीच्या वेळी आम्ही हे घरोघरी बोललो. एका नवऱ्याने हंडा उचलला आहे. अकरा घरांत अजून वाद चालू आहे.