उमेदवाराची आर्थिक भूमिका दप्तरात सापडते

२०२४च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार रिंगणात होते. प्रचार मात्र तीन आकड्यांभोवती फिरला. ‘लाडक्या बहिणीं’ना दरमहा १,५०० रुपये मिळत होते, महायुतीने ते २,१०० करण्याचा शब्द दिला, तर महाविकास आघाडीने ३,००० रुपये जाहीर केले. पैसा कुठून येणार, कोणत्या खर्चाला कात्री लागणार, हे प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिले. मार्च २०२५मध्ये अर्थसंकल्प आला. ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती, महसुली तूट ४५,८९१ कोटींची होती आणि २,१०० रुपयांचा पत्ता नव्हता.

पक्षाचा जाहीरनामा मुंबईत लिहिला जातो. मतदार ज्याला निवडून देतो त्या माणसाचे पैशाविषयीचे विचार त्यात सापडत नाहीत. ते सापडतात सरकारी दप्तरात, आणि ते दप्तर कोणालाही पाहता येते. प्रत्येक निवडणुकीआधी ते पाहण्याची सवय मतदारांना आणि त्याहून अधिक वृत्तपत्रांना लागली पाहिजे.

पहिला कागद उमेदवाराच्या शपथपत्राचा. अहमदाबादच्या आयआयएममधील प्राध्यापकांनी १९९९मध्ये ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ स्थापन केली. तिच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २००२मध्ये निकाल दिला, मार्च २००३मध्ये तो पक्का केला आणि शपथपत्राचा ‘नमुना २६’ प्रत्येक उमेदवाराला बंधनकारक झाला. आज त्यात पाच वर्षांचे आयकर विवरणपत्रांतील उत्पन्न, उत्पन्नाचे स्रोत, कर्जे, सरकारी देणी आणि सरकारशी असलेली कंत्राटे लिहावी लागतात. बातम्यांत मात्र एकच ओळ येते : ‘अमुक उमेदवार इतक्या कोटींचे धनी’. खरे वाचायचे ते पुढे असते. कर्ज कोणत्या बँकेचे, समभाग कोणत्या कंपनीचे, जमीन कोणत्या गावात, भागीदारी कोणत्या बांधकाम संस्थेत? पाच वर्षांपूर्वीचे आणि आताचे शपथपत्र शेजारी ठेवले की माणसाचे हितसंबंध कुठे गुंतले आहेत ते कळते. संपत्ती वाढणे हा गुन्हा नाही. पण आमदार ज्या धंद्याविषयी कायदे करणार, त्या धंद्यात त्याचा पैसा असेल तर मतदाराला ते ठाऊक हवे.

साखरपट्ट्यात ही गोष्ट फार स्पष्ट दिसते. ऊस गाळपाला आल्यापासून १४ दिवसांत रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, एकरकमी द्यावी, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. फेब्रुवारी २०२२मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली. माजी खासदार राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मधल्या तीन वर्षांत आपल्या भागातील आमदार सभागृहात या विषयावर काय बोलले? त्यांच्याशी संबंधित कारखान्याची थकबाकी किती होती? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडील कारखानानिहाय आकड्यांत आहे, पहिल्याचे विधिमंडळाच्या इतिवृत्तात. ‘शेतकऱ्यांचा कैवारी’ हे बिरुद फलकावर मिरवणाऱ्या उमेदवाराला ही दोन उत्तरे दाखवून प्रश्न विचारता येतो. शहरी मतदारसंघांत हेच काम बांधकाम प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या महारेराची प्रकल्पनोंदणी करते, कारण तिथे प्रवर्तकांची नावे सर्वांना खुली असतात.

विधिमंडळाचे इतिवृत्त हा खरा खजिना आहे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्थसंकल्पावरील भाषण, खात्याच्या मागणीवर दिलेली कपात सूचना यांतून आमदाराचा कल कळतो. सांगोल्यातून १९६२मध्ये पहिल्यांदा आणि पुढे एकूण अकरा वेळा निवडून आलेल्या गणपतराव देशमुखांची दुष्काळी भागाच्या पाण्याविषयीची भूमिका समजून घ्यायला कोणाच्या आठवणींची गरज नाही. ती या पानांत आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५मध्ये तासगाव तालुक्यातील विसापुरातून मांडलेली रोजगार हमीची कल्पना १९७२च्या दुष्काळात राज्याची योजना झाली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. त्याआधी, १९७५मध्ये, तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर लावला गेला. हाताला काम देण्याचे वचन देताना पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर कर बसवण्याचे धैर्य त्या पिढीने दाखवले. आजच्या उमेदवाराला हाच प्रश्न विचारायचा आहे : खर्च सांगितलात, कर किंवा कपात कोणती?

या शोधात एक मोठी भिंत आडवी येते. अमेरिकेतील राज्यांत आमदाराने प्रत्येक विधेयकावर कसे मत दिले, हे साधारणपणे नावानिशी पाहता येते. आपल्याकडे बहुतेक मंजुऱ्या आवाजी मतदानाने होतात आणि १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेशाबाहेर मत देणे म्हणजे सदस्यत्व पणाला लावणे. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी तर राज्य सरकारवरचा विश्वासदर्शक ठरावही आवाजी मतदानाने संमत झाला. विरोधकांची मतविभाजनाची मागणी तशीच राहिली. हजारो कोटींच्या पुरवणी मागण्याही याच रीतीने हातावेगळ्या होतात. कोण बाजूने, कोण विरोधात, याची नावनिशी नोंद उरत नाही.

म्हणूनच काही मागण्या लावून धरल्या पाहिजेत. विनियोजन विधेयक आणि पुरवणी मागण्यांवर नावनिशी मतनोंद व्हावी. विधिमंडळाने प्रत्येक सदस्याची हजेरी, प्रश्न, भाषणे आणि कपात सूचना सदस्यनिहाय एकत्र द्याव्यात. आमदार स्थानिक विकास निधी आज वर्षाला पाच कोटींचा आहे. त्यातून रस्ता झाला की अभ्यासिका, सभामंडप झाला की पाणीयोजना, ही कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयाने माहिती अधिकाराचा अर्ज येण्याची वाट न पाहता रकमेसह प्रसिद्ध करावी. निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये पक्षांना पाठवलेला प्रस्ताव, म्हणजे आश्वासनाचा खर्च आणि तो भागवण्याची वाट ठरावीक नमुन्यात सांगण्याचा, नियम म्हणून लागू व्हावा.

मुंबईच्या ३६ आमदारांचे प्रगतिपुस्तक ‘प्रजा फाउंडेशन’ अनेक वर्षे काढत आहे. उरलेल्या २५२ मतदारसंघांत असे सातत्याचे काम क्वचितच दिसते, आणि तिथे स्थानिक वृत्तपत्रांना मोठी जागा मोकळी आहे. २०२४मध्ये अर्ज मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि २० नोव्हेंबरला मतदान झाले. सोळा दिवसांत शपथपत्र, इतिवृत्त आणि निधीची यादी जुळवून पाहणे कोणालाही जमणारे नाही. जिल्ह्याच्या प्रत्येक आवृत्तीने आपल्या आमदारांची नोंदवही आजच उघडावी, प्रत्येक अधिवेशनानंतर तीत भर घालावी आणि पुढच्या निवडणुकीत अर्ज भरायच्या आठवड्यात ती सलग छापावी.