नांव नसलेलीं स्मारकें

राजेमहाराजांच्या नांवाची पाटी रस्त्याकांठीं लावली कीं इतिहासाचें ऋण फिटलें, असें मानणारांस माझा एकच प्रश्न आहे: वेशीबाहेरचा तो वीरगळ कोणाचा? खालच्या पट्टींत झुंज, वर शिवलिंगापुढें हात जोडलेला वीर, माथ्यावर चंद्रसूर्य. पुष्कळदां हें गांवच्या गाईगुरांसाठीं पडलेल्या सामान्य माणसाचें स्मारक असतें. बोरिवलींतील एक्सरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांचीं लढाऊ जहाजें कोरलेलीं आहेत. ‘वीराचें नांवच ठाऊक नाहीं, मग पाटी कसली लावावी?’ असें विद्वान विचारतात. नांव ठाऊक नाहीं म्हणूनच पाटी हवी! राजांची आठवण ठेवण्यास बखरी आहेत. याच्यापाशीं एवढा दगडच आहे. ज्या शिळेवर आपण धुणें आपटतों ती कोणाच्या तरी मरणाची साक्ष आहे, हें वाटसरूस अन्यथा कोण सांगणार?