टीव्हीचा आवाज आणि साडेचार हजारांची वायर

औरंगपुऱ्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. घरात नवा पातळ टीव्ही आला, चित्र झकास, पण आवाज पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा. सासूबाईंना मालिकेतलं बोलणं समजत नाही, म्हणून त्या आवाज वाढवतात. आतल्या खोलीत मुलीचा दहावीचा अभ्यास, आणि वाड्याची भिंत सामायिक असल्याने पलीकडे शेजारी. माळ्यावर मामंजींचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बॉक्स चांगल्या स्थितीत आहेत. ते टीव्हीला जोडावेत म्हणून ही दुकानात गेली, तर नुसती वायरच साडेचार हजारांची सांगितली. "डिजिटल आहे, साधी चालायची नाही" असं वर ऐकवलं. भिशीचे पाच हजार हातात आहेत, ते खर्च करू का, असा तिचा प्रश्न.

भगिनी, भिशीचे पैसे तूर्त डब्यातच राहू द्या.

आधी एक गोष्ट सासूबाईंच्या बाजूने. पूर्वीच्या टीव्हीला पोट होतं, त्यात बऱ्यापैकी मोठा स्पीकर मावे आणि तो बहुधा आपल्याकडे तोंड करून बोले. आता बोटभर जाडीत इवलेसे स्पीकर बसवतात, त्यांची तोंडं जमिनीकडे नाहीतर भिंतीकडे. तेव्हा सगळा दोष म्हातारपणाच्या कानांना देऊ नये. माळ्यावरचे बॉक्स उतरवायचा विचार अगदी योग्य आहे.

आता हे 'डिजिटल' म्हणजे काय ते पाहू. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी १९८२ साली सीडी बाजारात आणली. तिच्यात एका सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलेलं असतं, आणि प्रत्येक माप शून्य आणि एक या दोनच खुणांनी लिहिलेलं. टीव्हीतून वायरीवाटे निघणारा डिजिटल आवाजही अशाच खुणांचा. वायरीने त्या पलीकडे पोचवायच्या, बस्स. शाळेतली हजेरी आठवा. मुलगा "हजर" हळू म्हणाला काय अन् खणखणीत म्हणाला काय, बाईंच्या वहीत खूण एकच. म्हणून डिजिटल वायर खराब असली तर आवाज मधेच तुटतो, टकटक होते किंवा मुळीच येत नाही. पण आवाजाचा गोडवा कमी झाला, डग्गा पुसट वाजला, असं होत नाही. महागड्या वायरीने गोडवा वाढतो हे म्हणूनच खरं मानू नये.

दुकानदार फार हुशार असेल तर 'जिटर' हा शब्द टाकेल. खुणा येण्याच्या ठेक्यात किंचित मागेपुढे होणं, त्याला जिटर म्हणतात. तो प्रकार खरा आहे. पण सावरून घेण्याचं काम घेणाऱ्या यंत्राचं. घरातल्या दीड-दोन मीटर अंतरात त्यासाठी हजारांची वायर नको. आणखी एक गंमत. काही वायरींच्या टोकांना सोन्याचा मुलामा असतो. तांब्याच्या वायरीला त्याचा उपयोग आहे, टोक गंजत नाही. पण ज्या वायरीतून नुसता उजेड जातो तिलाही मुलामा देऊन विकतात! उजेडाला सोन्याचं काय कौतुक?

ही उजेडाची वायर म्हणजे ऑप्टिकल. टीव्हीच्या मागे टॉर्च मारून बघा, छोटी चौकोनी खाच आणि तिला झडप दिसेल. ही पद्धत तोशिबा कंपनीने १९८३ साली काढली. तोशिबा म्हटल्यावर आपल्याकडच्या थोरांना चितेगाव आठवेल. पैठण रस्त्यावर व्हिडिओकॉनचे रंगीत टीव्ही बनत, तेव्हा त्या कंपनीचा तोशिबाशीच तांत्रिक करार झाला होता. तर ही वायर प्लॅस्टिकच्या तंतूची. दोन-तीनशे रुपयांत मिळते आणि पाच मीटरपर्यंत निर्धास्त चालते. टोकांना पारदर्शक टोपणं असतात, ती आठवणीने काढायची. नाहीतर आवाज येत नाही आणि वायर नासकी म्हणून आपण परत करायला निघतो. टीव्ही चालू असताना दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला की वायर ठीक. रुमालासारखी घडी घालून कपाटामागे कोंबू नका, आतला तंतू मोडतो.

दुसरी कोअ‍ॅक्शियल, म्हणजे गोल खाचेची. यासाठी ७५ ओहमची वायर लागते, आणि ती बहुतेकींच्या घरी असते! जुन्या डीव्हीडीबरोबर आलेली लाल-पांढरी-पिवळी वायर काढा, तिच्यातली पिवळी इथे चालते. फक्त ती अ‍ॅम्प्लिफायरच्या लाल किंवा पांढऱ्या खाचेत खुपसू नका. खरखर येईल, गाणं येणार नाही.

तिसरी एचडीएमआय. टीव्हीच्या एका विशिष्ट खाचेशेजारी 'एआरसी' किंवा 'ई-एआरसी' लिहिलेलं असतं, त्याच खाचेतून आवाज बाहेर येतो, शेजारच्या खाचेतून नाही. नवा साउंडबार घेणार असाल तर ही जोडणी उत्तम, कारण टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. ऑप्टिकलला ती सोय बहुधा नसते. घरात आधीच चार रिमोट असतील तर हा मुद्दा लहान नाही.

मामंजींच्या अ‍ॅम्प्लिफायरला मात्र यांतलं काहीच थेट चालणार नाही. त्याला शून्य-एकची भाषा येत नाही, त्याच्या पाठीला लाल-पांढऱ्या खाचा असतील. (काही जुन्या संचांना पाच टाचण्यांची गोल खाच असते, तिला जोडणारी वायर वेगळी मागावी.) मधे दुभाषी लागतो. 'डॅक' नावाची साबणाच्या वडीपेक्षा लहान डबी मिळते. एका बाजूने ऑप्टिकल आत, दुसऱ्या बाजूने लाल-पांढरं बाहेर. साधी डबी हजाराच्या आतबाहेर येते आणि घरच्या मालिकांना, नाट्यगीतांना पुरते.

पण त्याआधी एक बिनखर्चाचं बघा. टीव्हीला हेडफोनची खाच आहे का? असेल तर तिथून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत साधी वायर शे-दीडशेत येते. तीच आधी लावून पाहा. आवाज स्वच्छ वाटला तर डॅकही नको.

डॅक लावलाच, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या पानावर 'डिजिटल ऑडिओ आउट' शोधून 'पीसीएम' ठेवा. 'डॉल्बी' किंवा 'ऑटो' राहिलं तर साध्या डबीला ते कळत नाही. ती गप्प बसते किंवा नुसती खरखरते. घाईत वायर बदलून आणण्याआधी हे एकदा तपासाच.

पैसे थोडे जास्त घालायचेच असले तर डॅक ते अ‍ॅम्प्लिफायर या लाल-पांढऱ्या वायरीवर घाला. इथे खुणा नसून प्रत्यक्ष आवाजाचा नाजूक प्रवाह असतो, त्यात आजूबाजूचा गोंगाट शिरतो. वायर जाळीदार आवरणाची आणि शक्य तितकी आखूड घ्या. फ्रिजच्या किंवा इन्व्हर्टरच्या वायरीला चिकटवून नेऊ नका. अ‍ॅम्प्लिफायर घूं घूं करू लागला तर पुष्कळदा अर्थिंगचा घोटाळा असतो. तेव्हा काही कारागीर प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकायला सांगतात. मुळीच ऐकू नका, ती पिन जिवाच्या रक्षणासाठी आहे. अशा वेळी ऑप्टिकल वायरच कामी येते. तिच्यातून वीज जातच नाही, त्यामुळे टीव्हीकडून येणारी घरघर तिथेच थांबते. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की मात्र टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर, सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढायचे, डिशची वायरही.

म्हणजे या भगिनीचा हिशेब असा: दोन मीटर ऑप्टिकल, एक साधा डॅक, एक आखूड लाल-पांढरी वायर, सगळं मिळून दीड हजाराच्या आसपास. पैठण गेटला गेलात तर टीव्हीच्या पाठीचा आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीचा फोटो मोबाइलवर घेऊन जा, म्हणजे भलती वायर गळ्यात पडणार नाही. ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात असं झालं, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज मागेपुढे करण्याची सोय असते.

बॉक्स मात्र टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, सासूबाईंच्या कानांच्या उंचीवर ठेवा, आणि 'बास'चं बटण थोडं उतरवा. घुमणं कमी होऊन शब्द सुटे होतात, भिंतीपलीकडेही कमी जातं. माळ्यावरून उतरवल्यावर पहिल्यांदा कोरड्या कुंच्याने धूळ झटका, फडका ओला नको. अ‍ॅम्प्लिफायर बरीच वर्षं बंद असेल तर चालू करण्याआधी जाणत्या कारागिराला एकदा उघडून दाखवा.