आज खा, आठ दिवसांनी द्या

गेल्या वर्षी आम्ही इटलीतील नेपल्सला जाऊन आलो. थोरल्या बंधूंचा मुलगा तेथे शिकतो. त्याच्या खोलीखालच्या गल्लीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्यांखाली, पिझ्झाचे एक साधे दुकान आहे. शेजारच्या टेबलावर कामावरून आलेले गवंडी. खिशाच्या काळजीने आम्ही म्हटले, "दोघांत एकच मागव." पुतण्या म्हणाला, "काका, इथे ज्याचा त्याचा वेगळा घेतात."

आम्ही मारिनारा घेतला. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो नावाचा वाळका पाला आणि तेल. चीज नाही, म्हणून स्वस्त. लाकडाची भट्टी चारशे अंशांच्या वर तापलेली, दीड मिनिटाच्या आत पिझ्झा ताटात! आमची काटा-सुरी काही चालेना. तेव्हा एका गवंडीदादाने हाताने चार घड्या घालून दाखवल्या. लसणाने तर घरच्या ठेच्याचीच आठवण करून दिली.

बिलावर मात्र आम्ही खवळलो. 'कोपेर्तो' म्हणून माणशी दीड युरो जादा! परके बघून लुबाडतात, असे वाटले. जन्म लोकांची व्हाउचरे तपासण्यात गेला, गप्प कसे बसणार? आवाज चढला. पुतण्याने मेनूच्या तळाची ओळ दाखवली. टेबलावर बसण्याची ती रीतसर आकारणी होती, गवंड्यांच्या बिलातही होती. आम्ही खजील झालो. मालकीणबाईंची माफी मागितली, त्या नुसत्या हसल्या.

परतताना पुतण्याने सांगितले, की पिझ्झा हे मुळात येथल्या गरिबांचे खाणे. तारायंत्रवाल्या सॅम्युएल मोर्सने १८३१ साली तो पाहून नाक मुरडले होते. त्याच पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला २०१७ साली युनेस्कोने मानवी वारशाच्या यादीत घेतले! दुसऱ्या महायुद्धानंतर शहर मोडून पडले होते. तेव्हा बाया दारात कढई मांडून तळलेला पिझ्झा विकत. 'ओज्जी आ ओत्तो', म्हणजे आज खा, पैसे आठ दिवसांनी द्या.

आम्हाला चाळीखालच्या वाण्याची वही आठवली. तीत आमच्या आईच्या नावाचे पान होते. पगाराच्या दिवशी ती स्वतः जाऊन त्यावर रेघ मारून घेई, मगच घरी चूल पेटे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथेच गेलो. कोपेर्तोचे तीन युरो आधीच वेगळे काढून ठेवले होते.