केबल अडवते, बोल लिनक्सला

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार थांबला आणि विंडोज 11 च्या अटींत न बसणाऱ्या, पण धडधाकट लॅपटॉपांचे काय करायचे, हा प्रश्न घरोघरी आला. लिनक्स ही संगणक प्रणाली हे त्यावरचे बिनखर्चाचे उत्तर. पण उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये विचारा की पुण्याच्या पेठेत, शंका एकच असते: लिनक्सवर एक्स्टर्नल डिस्क चालेल का, आणि चालली तर रखडणार नाही ना? शंका रास्त आहे. मात्र बहुतेक वेळा रखडण्याचे मूळ लिनक्समध्ये नसते. ते वेगाचा आकडा खोक्यावर धड न छापण्याच्या रिवाजात असते.

इतिहास तर उलटच सांगतो. 2008 साली आलेल्या यूएसबी 3.0 ला सर्वांत आधी लिनक्सनेच आधार दिला. इंटेलच्या अभियंत्या सारा शार्प यांनी लिहिलेला ड्रायव्हर सप्टेंबर 2009 मध्ये लिनक्सच्या गाभ्यासोबत, म्हणजे कर्नल 2.6.31 सोबत बाहेर पडला. विंडोजमध्ये तशी अंगभूत सोय 2012 साली, विंडोज 8 मध्ये आली. गोंधळ घातला तो नामकरणाने. सेकंदाला 5 गिगाबिटचा तोच पोर्ट आधी 3.0 होता, मग 3.1 जेन 1 झाला, पुढे 3.2 जेन 1. टाइप-सी हे तर नुसत्या आकाराचे नाव, त्यावरून वेग कळतच नाही. आयफोन 15 प्रोचा पोर्ट 10 गिगाबिटचा, पण त्याच्याच खोक्यातली केबल 480 मेगाबिटची, म्हणजे 2000 सालच्या यूएसबी 2.0 च्या वेगाची. चार्जरसोबत आलेली अशी केबल डिस्कला लावली, तर कोणतीही प्रणाली रांगणारच.

लिनक्स निदान खरे काय ते सांगते. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेला ‘टी’चा पर्याय जोडला की जोडलेल्या उपकरणांची उतरंड दिसते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी वेग येतो. डिस्कच्या ओळीत 480 दिसले तर केबल किंवा पोर्ट बदलून पाहायचा. 5000 दिसले तर निश्चिंत व्हायचे. फरक किरकोळ नाही. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ मिळून 200 जीबी भरले, तर सेकंदाला 40 एमबीच्या चालीने नकलेला जवळजवळ दीड तास लागतो. चांगली एसएसडी आणि योग्य केबल असेल तर तेच काम आठ-दहा मिनिटांत आटोपते.

लिनक्सच्या बाजूला दोष नाहीतच, असे मात्र नाही. कॉपीची पट्टी पूर्ण झालेली दिसते तेव्हाही काही माहिती अजून मेमरीत असते. तेवढ्यात डिस्क ओढली की फाइल बिघडते. ‘इजेक्ट’ करून संदेशाची वाट पाहणे हाच उपाय, आणि हे पडद्यावर अधिक ठळक दिसायला हवे. डिस्कच्या काही स्वस्त कवचांमधल्या चिपा माहिती वाहून नेण्याची यूएएस ही वेगवान पद्धत नीट पाळत नाहीत. त्यांच्यासाठी कर्नलला अपवादांची यादीच बाळगावी लागते. डिस्कच्या फॉरमॅटची अडचण मात्र बरीच जुनी झाली. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये एक्सफॅट या फॉरमॅटचा तपशील खुला केला आणि 2021 च्या कर्नल 5.15 मध्ये विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटसाठी नवा ड्रायव्हर आला. तरी विंडोजवर नीट न काढता ओढलेली डिस्क लिनक्स कधी नाकारते, कधी फक्त वाचू देते. तो अडेलतट्टूपणा वाटतो. खरे तर आतला मजकूर आणखी बिघडू नये म्हणून घेतलेली ती खबरदारी असते.

‘सामान्य माणसाने आज्ञा का टाइप कराव्यात?’ हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच जबाबदारी विकणाऱ्याकडे जाते. पंखा घेताना वॉट विचारतो, वायर घेताना जाडी विचारतो. केबलचा वेग का विचारू नये? यूएसबीचे मानक ठरवणाऱ्या संघटनेनेच 2022 पासून जेनची भाषा सोडून वेष्टनावर थेट 5, 10, 20, 40 गिगाबिट असे आकडे छापायला सांगितले आहे, पण ते ऐच्छिक आहे. आपल्याकडे ते सक्तीचे व्हावे आणि शाळा-कार्यालयांच्या निविदांत ‘टाइप-सी’ एवढेच न लिहिता गिगाबिटचा आकडा लिहावा. तोवर केबल मागताना लांबीसोबत वेगही मागावा. दुकानदाराला आकडा सांगता आला नाही, तर ती केबल चार्जिंगपुरतीच समजावी.