कंत्राटदार बरा की वाईट?

एक मजूर-कंत्राटदार महिन्याच्या महिन्याला पगार देतो, भविष्यनिर्वाह निधी भरतो. दुसरा निधी कापतो पण भरत नाही, आणि तगादा लागताच फर्मचे नाव बदलतो. यांतून निवड कामगार करीत नाही. ती करतो कारखानदार, आणि तीही बहुधा स्वस्त निविदा पाहून. 1970 च्या कायद्याने मुळात 20 कामगारांपासून परवाना सक्तीचा केला होता. 2020 च्या संहितेने ती मर्यादा 50 वर नेली. म्हणजे 49 माणसे पुरविणाऱ्याला (लबाडी तर अशाच लहान फर्मांत अधिक लपते!) परवानाच नको. कंत्राटदाराने बुडविलेला पगार मूळ मालकाने द्यावा, हे कलम मात्र संहितेतही टिकले आहे. तेव्हा पगार थकताच संघटनांनी मोर्चा कंत्राटदाराच्या कुलूपबंद कचेरीवर नव्हे, कारखान्याच्या फाटकावर न्यावा.