चेहऱ्यावरील डाग : घाई कोठे करावी, धीर कोठे धरावा

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पसरलेले पहाडगंज ही घाईची वस्ती होय. गाडी गाठणारे, गाडीतून उतरून खोली शोधणारे, माल वाहणारे आणि तो विकणारे अशा सर्वांच्याच पायांना येथे वेग असतो. बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी विद्यालय या संस्था याच भागात असल्यामुळे राजधानीतील मराठी माणसालाही ही वस्ती परकी नाही. अशा ठिकाणच्या आईबापांना आणि मुलामुलींना धीराची महती सांगणे थोडे धाडसाचेच. तथापि मुरुमांच्या आणि त्यांनी चेहऱ्यावर मागे ठेवलेल्या डागांच्या बाबतीत ती सांगितलीच पाहिजे. कारण येथे माणसे घाई करतात ती भलत्या ठिकाणी, आणि धीर धरतात तोही भलत्याच ठिकाणी. जो लाल डाग बहुधा आपोआप जाणार असतो, तो चार दिवसांत नाहीसा व्हावा म्हणून नाना मलमे चोळली जातात. आणि ज्या मुरुमावर वेळीच उपचार झाला असता तर कायमचा खळगा टळला असता, तो मात्र ‘वयाबरोबर जाईल’ म्हणून वर्षानुवर्षे तसाच ठेवला जातो. हा क्रम उलटविणे अवश्य आहे.

मुरूम कसा होतो

मुरूम मळामुळे होत नाही, आणि रक्त ‘बिघडल्या’मुळेही होत नाही. त्वचेवरील प्रत्येक केस एका सूक्ष्म नळीतून, म्हणजे रोमकूपातून, वर येतो. त्या नळीस लागूनच स्नेहग्रंथी असते व तिच्यातून तेलकट द्रव्य स्रवते. वयात येताना अँड्रोजन नावाच्या संप्रेरकांच्या प्रभावाने ही ग्रंथी वाढते आणि अधिक स्रवू लागते. त्याच वेळी नळीच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून तेथे बूच बसते. कोंडलेल्या तेलात क्यूटिबॅक्टीरियम अ‍ॅक्नीस हा जिवाणू वाढतो. तो एरव्हीही त्वचेवर वस्तीस असतोच. मग शरीराच्या संरक्षक पेशी तेथे धावून येतात आणि दाह सुरू होतो. लाली, सूज, पू आणि ठणका ही त्या दाहाची लक्षणे होत. तोंड दिवसातून दहा वेळा खसाखसा धुतल्याने आतील बूच निघत नाही. उलट त्वचा मात्र चुरचुरू लागते.

तीन प्रकारच्या खुणा

दाह ओसरल्यावर मागे तीन प्रकारच्या खुणा राहू शकतात, आणि लोकव्यवहारात या तिन्हींना ‘डाग’ हे एकच नाव असल्यामुळे सारा घोटाळा होतो.

पहिली खूण लाल डागाची. दाहाच्या वेळी त्वचेतील केशवाहिन्या फुगतात आणि मुरूम बसल्यावरही काही काळ त्या तशाच राहतात. दुसरी खूण तपकिरी किंवा काळपट डागाची. दाहाने डिवचलेल्या रंगपेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक प्रमाणात तयार करतात. सावळ्या त्वचेत, म्हणजे बहुसंख्य भारतीयांत, हाच डाग अधिक आढळतो. पहिल्या दोहोंतील भेद घरीही पाहता येतो. पारदर्शक काचेचा अथवा प्लॅस्टिकचा गुळगुळीत तुकडा डागावर हलकेच दाबावा. वाहिन्यांतील रक्त बाजूस सरून डाग फिका पडला तर तो रक्ताचा. रंग तसाच राहिला तर तो मेलॅनिनचा. कित्येकदा दोन्ही एकत्र असतात. या दोन्ही डागांत त्वचेची घडण मोडलेली नसते. म्हणूनच नवे मुरूम थांबले आणि उन्हापासून संरक्षण झाले, तर ते काही महिन्यांत, क्वचित वर्षाहून अधिक काळाने, बहुधा विरून जातात. रंगद्रव्य खोल उतरले असेल तर त्यास अधिक वेळ लागतो.

तिसरी खूण खऱ्या व्रणाची. खोल दाहामुळे त्वचेस आधार देणारे कोलॅजनचे तंतू नष्ट झाले, की तेथे खळगा पडतो. हे खळगे सुई टोचल्यासारखे अरुंद व खोल, उभ्या कडांचे पसरट, किंवा लाटेसारखे उतरते असे असतात. काहींच्या त्वचेत, विशेषतः जबड्यावर, छातीवर आणि खांद्यांवर, तंतू उलट वाजवीपेक्षा अधिक वाढून टणक गाठ उठते. ही खूण आपोआप बुजत नाही. कोणतेही चोळावयाचे मलम खोल खळगा भरून काढू शकत नाही.

एवढे ध्यानात आले, की घाई कोठे करावयाची हे निराळे सांगावे लागत नाही. चेहऱ्यावर दाहयुक्त, खोल, दुखरे मुरूम वारंवार येत असतील, तर वैद्याकडे त्याच वेळी गेले पाहिजे. बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापालीन यांसारखी लावावयाची औषधे मुरुमाच्या मूळ कारणांवर काम करतात. मात्र त्यांचा गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. तीव्र विकारात आयसोट्रेटिनॉइन हे पोटात घ्यावयाचे प्रभावी औषध आहे. परंतु त्याने गर्भात गंभीर व्यंगे उत्पन्न होतात, म्हणून ते तज्ज्ञाच्या देखरेखीवाचून कधीही घेऊ नये. आणि पुळी नखाने फोडण्याची सवय सोडलीच पाहिजे. कारण त्या दाबाने आतील दाह खोल जातो, आणि जो डाग महिन्यांनी गेला असता त्याचा व्रण होऊन बसतो.

घाईचे मलम

परंतु प्रत्यक्षात होते ते असे. लग्न, परीक्षा अथवा नोकरीची मुलाखत जवळ आली, की मुलगा किंवा मुलगी औषधांच्या दुकानी जाते आणि ‘डाग घालविणारे मलम’ मागते. हाती पडणाऱ्या नळीत अनेकदा स्टेरॉइड असते. स्टेरॉइडे ही स्वतः निंद्य नव्हेत. अमेरिकेतील सुल्झबर्गर आणि विटन यांनी १९५२ साली हायड्रोकॉर्टिझोनचा त्वचेवरील उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून इसबासारख्या विकारांत या औषधांनी असंख्य रुग्णांना आराम दिलेला आहे. प्रश्न आहे तो त्यांच्या अस्थानी वापराचा.

स्टेरॉइड केशवाहिन्यांना आकुंचित करते, त्यामुळे त्वचा फिकट पडते. हा परिणाम इतका नियमित आहे, की मॅकेन्झी व स्टाउटन यांनी १९६२ साली या फिकटपणावरूनच निरनिराळ्या स्टेरॉइडांची तुलना करण्याची पद्धत बसविली. प्रयोगशाळेत जे औषधाच्या जोराचे माप, तेच आरशापुढे उभ्या राहणाऱ्यास रोग बरा झाल्याचे चिन्ह वाटते. चार दिवसांत लाली ओसरते, रंग उजळल्यासारखा दिसतो, आणि मलमावर विश्वास बसतो. मात्र वापर लांबला, की त्वचा पातळ होते, वाहिन्या जाळ्यासारख्या वर दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि नव्या मुरमांचे पीक येते. मलम थांबविताच आग होऊन चेहरा पूर्वीपेक्षाही लाल होतो. म्हणून ते पुन्हा लावले जाते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेस ‘स्टेरॉइडबाधित चेहरा’ या अर्थाचे स्वतंत्र नावच दिले आहे.

हे भय कल्पित नव्हे. भारतातील बारा त्वचारोग केंद्रांत चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावीत होते. १०४ जण मुरमांसाठी आणि १२६ जण रंग उजळविण्यासाठी किंवा दाढीनंतरचे वा नित्याचे मलम म्हणून. २५७ जणांना हा सल्ला डॉक्टर नसलेल्या व्यक्तींकडून मिळाला होता. ३९२ जणांस, म्हणजे दहांपैकी नवांस, दुष्परिणाम झाले होते; आणि त्यांत सर्वांत अधिक आढळलेला दुष्परिणाम होता मुरूम येणे किंवा असलेले वाढणे! ज्यावर उतारा म्हणून मलम आणले, तेच त्या मलमाने पदरी घातले.

केंद्र सरकारने २०१८ साली चौदा स्टेरॉइडे ‘अनुसूची एच’मध्ये घालून, त्यांची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असे ठरविले. हे योग्यच झाले. तथापि निर्बंध कागदावर असतो आणि व्यवहार दुकानाच्या फळीवर होतो. म्हणून ग्राहकाने वेष्टनावरील नावे वाचावयास शिकले पाहिजे. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते औषध मुरुमांच्या डागांसाठी नव्हे, हे त्याने ओळखावे. जो ते बरेच दिवस लावीत आला असेल, त्याने मात्र ते एकदम टाकून न देता त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने थांबवावे.

दोन आक्षेप

यावर असे म्हटले जाईल, की तज्ज्ञाकडे जाणे गरिबाला परवडत नाही. रुग्णालयाच्या रांगेत एक दिवसाची मजुरी बुडते. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु बिघडलेला चेहरा सुधारण्यास अशा किती मजुऱ्या बुडतील, याचाही हिशेब मांडावयास हवा. शिवाय लाल डागाचा मुख्य उपचार म्हणजे वाट पाहणे, उन्हात चेहरा झाकणे आणि सौम्य साबणाने दोन वेळा तोंड धुणे. त्यास फारसा पैसा लागत नाही. लिंबू, दंतमंजन आणि खाण्याचा सोडा यांचे लेप स्वस्त असले तरी त्वचेस डिवचतात आणि डाग गडद करतात. जेथे तज्ज्ञाची खरोखरच गरज आहे, तेथे सरकारी रुग्णालय आहे. पहाडगंजच्या दक्षिणेस, पंचकुइयाँ मार्गापलीकडे, १९१६ साली सुरू झालेले लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. तेथे त्वचाविकारांचा बाह्यरुग्ण विभाग आहे. मेन बाजारातून तेथवर पायी जाता येते.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा. तोंडावरच्या पुळ्यांचे एवढे स्तोम कशाला, हा सारा नटवेपणा आहे, असे ते म्हणतात. हा आक्षेप पहिल्यापेक्षा घातक आहे. पंधराव्या वर्षी चेहरा हे जगापुढे जाण्याचे द्वार असते. तेथे झालेली इजा मनास लागते, आणि कित्येक मुले त्यापायी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतात. घरात थट्टा झाली, की मूल विचारणे सोडते आणि मैत्रिणीने किंवा शेजाऱ्याने सांगितलेली नळी लपवून आणते. मुरुमाकडे झालेले दुर्लक्ष आणि मलमाची उतावीळ या दोहोंचे मूळ पुष्कळदा त्या एका थट्टेत सापडते.

शाळांचे काम

ज्यांना खळगे पडून गेले आहेत, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. सूक्ष्म सुयांनी त्वचेतील कोलॅजन चेतविणे, खळग्याच्या तळाचे तंतू सुईने सोडविणे, अरुंद खळग्यात तीव्र आम्लाचा थेंब सोडणे, लेसर किरण वापरणे असे उपाय आज उपलब्ध आहेत. त्यांनी खळगे उथळ होतात, सर्वस्वी नाहीसे होतात असे मात्र नव्हे. आणि हे उपाय मुरूम पुरते आटोक्यात आल्यावरच, जाणत्या हातांनी करावयाचे असतात. सावळ्या त्वचेत चुकीच्या लेसरने नवे काळे डाग उठू शकतात, हेही विसरू नये.

पण त्याहून मोठे काम शाळांचे आहे. शरीरशास्त्राच्या तासास हृदय आणि फुप्फुस शिकविले जाते. ज्या अवयवाची चिंता विद्यार्थी रोज सकाळी वाहतो, त्या त्वचेविषयी मात्र दोन ओळींत आटोपते घेतले जाते. आठवीच्या वर्गात एक तास काढून पुळी, डाग आणि व्रण यांतील भेद फळ्यावर काढून दाखवावा, काचेचा तुकडा हाती देऊन प्रयोग करू द्यावा, आणि औषधाचे वेष्टन वाचावयास शिकवावे. पुळीवर उपचारास विलंब नको, डागावर उतावीळ नको, आणि खळग्यावर घरगुती प्रयोग नकोत, एवढे तीन नियम त्या एका तासात पक्के झाले, तरी अनेक मुलांचे चेहरे, आणि त्यांबरोबर त्यांचा आत्मविश्वासही, अकारण होणाऱ्या हानीतून वाचतील.